रेषेखालची माणसं

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटात नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारलं, "ज्यांचे गुण कमी आलेत त्यांच्या मुलाखती कशाला? सगळा पैसा तिथेच जातो." फिनिश बोलणाऱ्या प्रौढांसाठी नैराश्याची चाळणी करणारी प्रश्नावली आम्ही पडताळत होतो. तेव्हापासून माझं डोकं त्या एकाच जागी अडलंय.

हिशेब मांडून बघा. माणसं १०००, त्यांत खरोखर आजारी १००. प्रश्नावलीने ८० पकडली, २० निसटली. निरोगी १३५ जणही आजारी ठरवणाऱ्या गुणांच्या रेषेच्या वर गेले. खाली उरले ७८५. आजार खरोखर आहे का हे ठरवणारी तासभराची मुलाखत या सगळ्यांची घेणं कोणाला परवडतं? म्हणून १० मागे एक निवडायचा आणि त्याला दसपट वजन द्यायचं. निवडलेल्या ७८ जणांत एकच आजारी निघाला तर संवेदनशीलता, म्हणजे आजाऱ्यांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण, ८९ टक्के, तीन निघाले तर ७३. दोन माणसं मोकळेपणी बोलली की नाही, एवढ्यावर माझा आकडा लटकतो. आणि खाली कुणाला विचारलंच नाही, तर सरळ १०० टक्के!

एक कागद डोळ्यांपुढून हलत नाही. सगळ्या प्रश्नांना 'अजिबात नाही', फुल्या पट्टीने आखल्यासारख्या एका रांगेत. त्याच माणसाने मुलाखतीत झोपेच्या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहून सांगितलं, की पहाटे तीनला जाग येते आणि मग उठावं कशासाठी, तेच कळत नाही. मुलाखत घेणारीने ती शांतता मोडली नाही म्हणून हे कळलं.

हल्ली क्रोनबाखचा आल्फा ०.९ आला की 'प्रमाणित' असा शिक्का मारून मोकळे होतात. त्यातून प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं; आजाराशी जुळतात का, हे नाही. सालोकांगास, पोउतानेन आणि स्टेन्गार्ड यांनी १० प्रश्नांची डेप्स मापनी १९९५ मध्ये मांडली, ती फिनलंडच्या प्राथमिक आरोग्यसेवेतल्या रुग्णांच्या मुलाखतींशी ताडून. त्या खटपटीला माझ्या लेखी आजही तोड नाही.

चांगल्या आकड्याचा मोह मलाही आहे. संवेदनशीलता आणि चुकीचे इशारे यांच्या आलेखातला वक्र वरच्या डाव्या कोपऱ्याला भिडला की छाती फुगते. मी ठरवलेली रेषा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी वापरावी, ही हाव या वयातही सुटलेली नाही. आणि रेषेखालचा एकेक आजारी सापडला की तो वक्र खाली बसतो, म्हणून ती माणसं नकोशी होतात. विद्यार्थिनीला मी हे सगळं सांगितलं आणि अंदाजपत्रकातला मुलाखतींचा खर्च तसाच ठेवला.

फिनिश असो वा मराठी, 'प्रमाणित' म्हणून प्रश्नावली हाती आली की एवढं जरूर विचारा: कमी गुणांच्या किती जणांशी बोललात?