पीपीओवरचं नाव

मी मराठा लाइट इन्फंट्रीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात सुट्टीवर आलेल्या शिपायालाही ‘मेजर’ म्हणतात, त्या हिशेबाने मीही मेजर. उसापेक्षा माझा जास्त वेळ लोकांच्या कागदांत जातो.

जवानाला 15 वर्षं भरली की पेन्शन बसते. पोरं पस्तिशी-चाळिशीत घरी येतात. ग्रॅच्युइटी, फंड, विकलेल्या पेन्शनचे पैसे. सगळं बोअर, डाळिंब आणि बंगल्याच्या स्लॅबमध्ये जातं. विकलेला हिस्सा 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. आणि सेक्शन सांभाळलेला माणूस एमआयडीसीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो, ते मला आजही पटत नाही. असो.

खरं घोडं अडतं ते बायकोच्या नावापाशी. लासुर्ण्याकडच्या एक काकू पिशवीभर कागद घेऊन आल्या. नवरा नुकताच गेलेला. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, काकूंचं माहेरचं नाव, आधारवर आणि पासबुकात सासरचं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीतच होती. पिशवीत जोडीचा फोटो होता, कडेवर रेकॉर्ड ऑफिसचा अर्धा शिक्का. बाई त्याच, हे शेंबडं पोरही सांगेल.

पूर्वी पेन्शन बँकेमार्फत निघायची, साहेब तोंडओळखीचा असायचा. आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून प्रयागराजहून थेट खात्यात येते. सोय चांगलीच आहे. हयातीचा दाखलाही मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, खुरपून झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नसले तरी चालतं. पण दोन कागदांवर दोन नावं असली की गाडी तिथेच थांबते. इंदापूरला प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला काढला, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला. फॅमिली पेन्शन सुरू होईपर्यंत काकूंनी दोन शेळ्या विकल्या होत्या.

तेव्हापासून सुट्टीवर आलेल्या पोराला मी आधी हेच विचारतो, बायकोचं नाव सगळ्या कागदांवर एकच आहे ना? परवा एक जण म्हणाला, “काका, पेन्शनला अजून दहा वर्षं आहेत.” मी त्याच्या बायकोलाच आधार आणायला सांगितलं. त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला वेगळंच नाव लागलेलं. दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहून दिला. “नावदुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर निघाली की मला व्हॉट्सॲप कर,” म्हटलं, “आणि एक प्रत हिच्याकडेही दे.”