मादलेन ते पेर लाशेझ

पॅरिसहून परत आलेली माणसे आयफेल टॉवरचे फोटो दाखवतात. मी एका थडग्याचे दाखवतो. "अहो, दिवाळी तोंडावर आलेली आणि तुम्हाला स्मशाने कसली सुचतात?" असे सौभाग्यवती तिथेही म्हणाल्या होत्या. मुलाकडे महिनाभर राहायला गेलो होतो. त्याने यादी विचारली, तेव्हा मी दोनच नावे सांगितली : मादलेनचे चर्च आणि पेर लाशेझची दफनभूमी.

त्याला कारण आमचे आप्पा. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन असे आणि आप्पा त्यात टाळ धरीत. "मी गेलो की रडारड नको. मंडळींना बोलवा आणि भैरवीतला एक अभंग होऊ द्या," हे त्यांनी आम्हा भावांना इतक्यांदा सांगितले होते की आम्ही ऐकेनासे झालो होतो. ते गेले त्या दिवशी भजनी मंडळी आली. टाळ फडक्यात गुंडाळून, जिन्यात उभी राहिली. माझ्या कचेरीतले साहेब आले होते. त्यांच्यादेखत टाळ कुटणे मला कसेसेच वाटले. मी कुणाला वर बोलावले नाही. मंडळी तशीच स्मशानापर्यंत आली आणि फडके न सोडता परत गेली.

मादलेन बाहेरून चर्च वाटतच नाही. चारी बाजूंनी बावन्न उंच खांब असलेले ते एक ग्रीक देऊळच आहे. नेपोलियनला ते आपल्या सैन्याच्या गौरवासाठी हवे होते. पुढे त्याचे चर्च झाले. आत शिरलो की बाहेरचे लख्ख ऊन एकदम मागे राहते. इथेच ३० ऑक्टोबर १८४९ रोजी फ्रेडरिक शोपाँ या पोलिश संगीतकाराचा अंत्यविधी झाला. पियानोवर त्याने सबंध युरोपला वेड लावले होते. वय अवघे एकोणचाळीस. मोझार्टचे 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, आपल्या अंत्यविधीला गायली जावी, अशी त्याची इच्छा होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. गंमत अशी की ते 'रेक्विएम' मोझार्टला स्वतःला पुरे करता आले नव्हते. १७९१ साली तो गेला आणि उरलेले काम त्याच्या शिष्याने केले.

पण इच्छा एक आणि नियम दुसरा! त्या रचनेला बायकांचे आवाज हवेत, आणि या चर्चमध्ये बायकांनी गाण्याची चाल नव्हती. शोपाँ १७ ऑक्टोबरला गेला होता. मध्ये तेरा दिवस गेले. आपल्याकडे तेवढ्यात सुतक फिटून गोडाचे जेवणही होते. मित्रांनी मात्र चिकाटी सोडली नाही. शेवटी परवानगी मिळाली. गायिका काळ्या पडद्याआड उभ्या राहिल्या. त्यांत पोलीन व्हियार्दो ही त्या काळची थोर गायिका होती. पुरुषांत लाब्लाश होता. १८२७ साली बीथोवेन गेला तेव्हाही व्हिएन्नात हेच 'रेक्विएम' तो गायला होता. ऑर्गनवर शोपाँच्याच दोन लहान रचना वाजल्या. त्याने पियानोसाठी लिहिलेली शोकयात्रेची प्रसिद्ध चालही वाद्यवृंदावर बसवून वाजवली गेली. सुमारे तीन हजार माणसे जमली होती.

मी एका खुर्चीवर बसलो आणि त्या पडद्याचाच विचार करीत राहिलो. त्या मित्रांनी पॅरिसमधल्या चर्चचा नियम वाकवला. माझ्यापुढे नियम कुठला होता? एक साहेब आणि एक जिना!

तिथून शवयात्रा शहर ओलांडून पेर लाशेझला गेली. चित्रकार दलाक्र्वा तिच्याबरोबर होता. आम्ही ऑपेराजवळून भुयारी गाडी धरली आणि थेट पोचलो. ही दफनभूमी १८०४ सालची. चढउताराचे फरसबंद रस्ते, दोन्ही अंगांना झाडे आणि घरांसारखी थडगी. एक लहानसे गावच म्हणा. अकराव्या विभागात शोपाँ आहे. वर तुटकी वीणा घेऊन मान खाली घालून बसलेली संगीताची देवता आणि खाली ताजी फुले. एका गुच्छाला पोलंडच्या निशाणाची पांढरी-तांबडी फीत होती. देह इथे आहे. हृदय मात्र बहिणीने वॉर्साला नेले. तिथल्या एका चर्चच्या खांबात ते ठेवले आहे. दुसऱ्या महायुद्धात ते हलवावे लागले आणि १९४५ साली, त्याच्या पुण्यतिथीलाच, परत आणले गेले. मेलेल्या माणसाचा शब्द पाळणारी माणसे जगात आहेत, म्हणायची!

बाकावर बसल्यावर मी सौभाग्यवतींना विचारले, "तुमच्या वेळी काय लावायचे?"

"काहीही लावा. फक्त तुम्ही गाऊ नका."

मुलगा हसला. मीही हसलो. मग तो जरा थांबून म्हणाला, "आणि तुमचं काय, बाबा?"

मी सांगितले. भैरवीतला एक अभंग, टाळ-मृदंगासकट, आणि कोण साहेब आले आहेत ते न बघता. त्याने खिशातून कागद काढून ते लिहून घेतले. तेवढ्यानेच मला बरे वाटले.

रात्री धाकट्या भावाला फोन केला. त्या मंडळींपैकी एकच गृहस्थ आता हयात आहेत. मुलाकडे डोंबिवलीला असतात. यंदा आप्पांच्या तिथीला त्यांना घेऊन यायचे ठरले आहे. टाळ त्यांच्याकडे अजून आहेत म्हणे, फडक्यात गुंडाळलेले.