सिक रिपोर्ट

सध्याची पोस्टिंग दिल्ली. कागदावर ऑफिसात, प्रत्यक्षात दर दुसऱ्या आठवड्याला सैनिकी रुग्णालयाच्या किमो वॉर्डात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता 12 सायकल. परवा सातवी झाली.

ऑक्सालिप्लॅटिन दोन तासांत शिरेतून जातं. मग छातीतल्या पोर्टला छोटा पंप जोडून घरी पाठवतात. त्यातलं दुसरं औषध 46 तास हळूहळू जात राहतं. ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड सोसत नाही. फ्रिजमधली बाटली धरली की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याच्या घोटाने घसा आवळतो. सियाचीनला बर्फ वितळवून पाणी प्यालेला माणूस दिल्लीच्या जानेवारीत हातमोजे घालून फ्रिजमधून दूध काढतो, याचं बायकोला हसू येतं. येऊ दे. मळमळीत गार खावं, त्याला वास कमी येतो, असं सगळे सांगतात. मला तीही सोय नाही.

उलटी परवडली, होते आणि संपते. मळमळ मुक्कामाला येते. फोडणीचा वास नको, साबणाचा नको, तोंडात सतत नाणं ठेवल्यासारखी चव. चौथ्या सायकलपासून तर रुग्णालयाचं गेट दिसलं की पोटात ढवळायला लागायचं, औषध अंगात जायच्या आधीच.

ऑन्डान्सेट्रॉनची गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची होती. पण तिने बद्धकोष्ठ व्हायचं, इतकं की मळमळ बरी वाटावी. मी परस्पर ठरवलं, अगदीच असह्य झालं तर घेऊ. कोणाला बोललो नाही. वॉर्डात विचारलं की ‘सब ठीक’. खडकवासल्याला अठराव्या वर्षी जे अंगात भिनलं ते हेच : सिक रिपोर्टला जातो तो कामचुकार. शिवाय मेडिकल कॅटेगरी खाली गेलेलीच आहे, तक्रारी वाढल्या तर ती वर कशी येणार, ही धास्ती.

पाचव्या सायकलच्या तिसऱ्या दिवशी आठ उलट्या झाल्या. उभं राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधार. बायकोने गाडीत घातलं. सलाईन लागलं. नर्सिंग ऑफिसरने पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त सुभेदार साहेब होते. त्यांच्या उशाशी डायरी : उलट्या किती, शौचाला कधी, पाणी किती ग्लास. मी डायरीकडे बघतोय हे पाहून म्हणाले, “साहब, हम तो सब बता देते हैं. आप लोगों ने ही सिखाया है.”

खरं होतं. ग्लेशियरवर चढण्याआधी उंचीची सवय करताना, पहिल्या टप्प्यात सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार, मी रोज सकाळी जवानांना विचारायचो : डोकं दुखतंय? उलटी झाली? लपवलेल्या डोकेदुखीचं रात्रीतून मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी होऊ शकतं. सांगणाऱ्याला मी कधी भित्रा म्हटलं नाही. लपवणाऱ्यावर मात्र चिडलो आहे.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दहा मिनिटं लागली. बद्धकोष्ठावर रोजचं सिरप मिळालं. झोप उडवणारी डेक्साची गोळी सकाळी गेली. रात्री ओलांझापिनची छोटी गोळी आली. तिने सकाळी जडपणा येतो, पण मळमळ निम्म्यावर आली. बाकीचं घरी जमवलं : अंथरुणातच दोन कोरडे टोस्ट, दर दोन तासांनी चार घास, कोमट मेतकूट-भात. आवडीचं मटण किमोच्या आठवड्यात नाही. एकदा ते मळमळीशी जोडलं गेलं की कायमचं विटतं. ताप 100.4 ला पोचला तर रात्र असो, पहाट असो, थेट रुग्णालय.

परवा सिस्टरनी विचारलं, “कैसे हैं सर?” मी खिशातून डायरी काढली. दोन उलट्या, तारीख-वेळेसकट. खाली आणखी एक ओळ होती : पायाच्या बोटांचं बधिरपण या वेळी गेलंच नाही. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि ऑक्सालिप्लॅटिनचा डोस कमी केला. ती ओळ लिहिताना हात दोन वेळा थांबला होता.