जुना ॲम्प्लिफायर आणि तिसरं अणुव्रत



पापड-कुरडयांवर बरंच लिहून झालं. आज जरा वेगळा विषय. आमच्या ह्यांना जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा नाद आहे. सोनोडाइन, कॉस्मिक ही सत्तर-ऐंशीच्या दशकातली नावं तुमच्यापैकी कित्येकींना आठवत असतील. लाकडी बाजू, पुढे चकचकीत पत्रा आणि मोठाली गोल बटणं. सकाळी त्यावर भक्तामर लागतं, संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर. निवृत्तीनंतर ह्यांनी असे जुने सेट विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि जास्तीचे विकायचे, हे सुरू केलं. हिशेबाची वही माझ्याकडे आहे. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण हिशेब काही हातातून सुटला नाही.

मंदिरात एक-दोघी म्हणाल्या, "बरं आहे, जुनंच वापरता, म्हणजे अपरिग्रह झाला की." तसं नसतं. जुन्या दहा वस्तू या दहाच असतात. म्हणून परिग्रह परिमाणाच्या वहीत आम्ही लिहून ठेवलंय, घरात ॲम्प्लिफायर दोनच. तिसरा आला तर एक महिन्याच्या आत बाहेर जायला हवा.

पण या व्यवहारात खरी परीक्षा पाचव्या अणुव्रताची नसून तिसऱ्याची, अचौर्याची आहे, असं माझं मत झालंय. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातले तीन जणू जुन्या बाजाराकडे बघूनच सांगितलेत.

पहिला तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणं. सेट कुणाचा, घरातला की आणखी कुठून आला, हे आम्ही विचारतो. विकणारा उत्तर टाळू लागला, तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून परत येतो. दुसरा हीनाधिक मानोन्मान, खोटं माप. नव्वदच्या दशकात दुकानातल्या खोक्यांवर पीएमपीओचे हजार-हजार वॅटचे आकडे असायचे, आठवतं? खरं माप आरएमएसचं आणि ते त्याच्या पासंगालाही पुरत नसे. आम्ही विकताना आरएमएसचाच आकडा सांगतो. तिसरा प्रतिरूपक व्यवहार, चांगल्याच्या नावावर हलकं देणं. त्याची गोष्ट पुढे सांगते.

आधी घेताना काय बघावं ते. मागच्या पाटीवर व्होल्टेज वाचा. जपानमधला सेट 100 व्होल्टचा, अमेरिकेतला 120 चा. आपल्या 230 वर सरळ लावला तर गेलाच. वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट एकदम प्लगला लावू नका. हे आधी शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता मागच्या टोकांवर मीटर धरतात. तिथे डीसी अगदी थोडा, काही मिलिव्होल्टच असायला हवा. जास्त असेल तर तो आपले स्पीकर जाळतो. डावा-उजवा आवाज सारखा येतो का, अर्ध्या तासाने एकच बाजू जास्त तापते का, हेही बघायचं.

बटण फिरवताना खरखर आली म्हणून घाबरू नका. आतल्या पट्टीवर धूळ बसलेली असते. सेट बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि बटण वीस-तीस वेळा पुरतं फिरवायचं. शिवणयंत्राचं तेल मात्र मुळीच घालायचं नाही, धूळ आणखी चिकटते. गाणं बंद असतानाही घुंऽऽ असा आवाज येत राहिला, तर बहुतेक मोठे कपॅसिटर वाळलेत, ते बदलावे लागतात. प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठलेली असते. म्हणून झाकणाच्या आत हात घालणं जाणत्याचंच काम. आणि क्रोशाचा रुमाल! सेट चालू असताना वर काहीही टाकू नका. त्या जाळीतून उष्णता बाहेर जाते.

झाकण उघडलं की आत अख्खा संसार असतो. कोळी, झुरळं, कधी पालीची अंडी. दुकानात सरळ फवारा मारतात. आमच्याकडे सेट उघडून रात्रभर गच्चीच्या आडोशाला ठेवतो, मग मऊ ब्रशने हळूच झाडतो. अंडी दिसली तर तेवढे दिवस काम थांबतं. चातुर्मासात जीव फार, म्हणून त्या चार महिन्यांत नवा सेट आणायचा नाही आणि उघडायचाही नाही. घरातले मात्र आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवतो, म्हणजे दमट हवेने आत गंज धरत नाही.

आता ती गोष्ट. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत काय झालं ते मी नव्याने सांगायला नको. त्यानंतर काही महिन्यांनी एका गृहस्थांकडून ह्यांनी एक सेट 1,500 रुपयांना घेतला. त्यांच्या तळमजल्यावर काहीच वाचलं नव्हतं. तरी पैसे घेण्याआधी ते स्वतःच म्हणाले, "दोन दिवस पाण्यात होता बरं का. चालेल याची खात्री देत नाही." आत बोटभर उंचीवर गाळाची पिवळी रेघ होती.

ह्यांनी जीव ओतून तो उभा केला. वहीतून उतरवते: खरेदी 1,500, कपॅसिटर 1,150, ट्रान्सफॉर्मरचं रिवाइंडिंग 1,400, स्विच आणि सॉकेट 600, कारागिराची मजुरी 800. एकूण 5,450. वाजायला लागला तेव्हा नव्यासारखा वाजला. बाहेरून बघून कुणाला काही कळलं नसतं.

इचलकरंजीचा एक मुलगा आला, ऐकलं आणि 9,000 ला तयार झाला. ह्यांनी पाणी पुढे केलं आणि पुराचं सांगितलं. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग विचार करून कळवतो म्हणाला. त्याने कळवलं नाही.

आमचा चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, आता दुरुस्त झालाय ना? मग सांगायची काय गरज? त्याने विचारलंही नव्हतं."

कॉलेजात आम्हाला 1930 चा माल विक्री कायदा होता. त्यातलं तत्त्व आमच्या सरांनी घोटून घेतलं होतं: खरेदीदाराने सावध राहावं. त्या हिशेबाने मुलगा चुकीचं बोलत नव्हता. पण अणुव्रत खरेदीदारावर काही टाकत नाही. ते विकणाऱ्याच्या गळ्यात आहे. गंज कुठे लपलाय हे आम्हाला ठाऊक आणि त्याला नाही, तर ते सांगायचं आम्हीच. मी मुलाला एवढंच म्हटलं, "ज्यांचं घर वाहून गेलं त्यांनी आपल्याला सांगितलं रे. आपल्याला काय झालंय?"

तिसरा सेट घरात म्हणून महिन्याची मुदत डोक्यावर होती. एकोणतिसाव्या दिवशी एका शिक्षकांनी सगळं ऐकून, झाकण उघडून बघून 5,000 ला नेला. वहीत 450 रुपये तोटा लिहिला. ह्यांच्या मेहनतीचे तासही गेलेच, ते वहीत येत नाहीत. शिक्षकांनी जाताना विचारलं, "पुढचा आला की मला कळवाल का?" ते मात्र मी लिहून ठेवलंय.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा सेट धूळ खात असेल. भंगारात देण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. विकायचाच असेल तर त्याचे गुण सांगाच. पण आधी त्याचं काय काय झालंय, ते सांगा.

जय जिनेंद्र.