राजकन्येचें भांडें

बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट या तिहींपुढें शहाण्यानें मान तुकवावी असें आपल्याकडे म्हणत आले आहेत. पण हे तिन्ही हट्ट एकाच व्यक्तीच्या ठायीं एकवटले तर काय करावें, हें मात्र कोणीं सांगून ठेवलेलें नाहीं. गेल्या मे महिन्यांत अशी एक व्यक्ति माझ्या घरीं मुक्कामाला आली. माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. सुटींत त्याची पांच वर्षांची मुलगी पुण्यास आली, आणि तिच्या बॅगेंतून, खाऊच्या डब्याखालीं दडपलेल्या चार चित्रमय पुस्तकांत बसून, ही दुसरी कन्याहि आली. माझी नात तिला नुसती 'प्रिन्सेस' म्हणते. तिला दुसरें नांव असल्याचें त्या चारहि पुस्तकांत मला कोठें आढळलें नाहीं.

टोनी रॉस या इंग्रज चित्रकाराची ही मानसकन्या. रॉसचा जन्म १९३८ सालचा; हॉरिड हेन्री नांवाच्या एका द्वाड पोराचीं चित्रेंहि याच हातचीं. राजकन्येचें पहिलें पुस्तक १९८६ सालीं लंडनच्या अँडरसन प्रेसनें काढलें, आणि तेव्हांपासून ही मुलगी पुस्तकामागून पुस्तकांत कांहींना कांहीं मागत आली आहे. कधीं जेवण, कधीं बहीण, कधीं पडलेला दात, तर कधीं आई. कधीं तिला झोंपावयाचें नसतें, कधीं इस्पितळांत जावयाचें नसतें. बहुतेक पुस्तकांच्या नांवांतच 'मला हवं' किंवा 'मला नको' हा गजर असतो.

राजकन्या म्हटली कीं लांबसडक केसांची, नाजुक जिवणीची एक मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. ही तशी मुळींच नाहीं. डोकें भलें मोठें, त्यावर मोजकेच केस, केसांवर मुकुट आणि अंगांत एक पांढरा झगा. तोंड उघडलें कीं चेहऱ्यावर तोंडाशिवाय दुसरें कांहीं उरत नाहीं. मी जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य. पहिलें पुस्तक हातीं घेतलें तेव्हां शेवटच्या पानावर या बाईसाहेबांना चांगली अद्दल घडणार, अशी माझी खात्री होती. चारहि पुस्तकें संपलीं, पण अद्दल कांहीं घडली नाहीं. मला हें प्रथम मुळींच आवडलें नव्हतें.

रोज रात्रीं वाचन होई. माझी वडील बहीण अक्का, यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, शेजारीं वाती वळीत बसे. तिला इंग्रजी अगदींच येत नाहीं असें नाहीं, पण ऐकून समजण्याइतकें आतां उरलेलें नाहीं. म्हणून प्रत्येक पान उलटलें कीं ती विचारी, "काय म्हणते रे ती?"

"राजकन्येला भांडं हवंय."

"मग द्या कीं! पाणी प्यायचं असेल बिचारीला."

"पाण्याचं नाहीं, अक्काआजी! शूचं!" नात ओरडली, आणि पुढचा सारा मजकूर तिनेंच साभिनय सांगितला. राजकन्येला लंगोट नकोसे होतात. मग तें भांडें पुढें येतें. तें तर तिला लंगोटांहूनहि वाईट वाटतें. आणि हळूहळू त्याच भांड्यावर तिचा इतका जीव जडतो कीं ज्याचें नांव तें. एके दिवशीं ती किल्ल्याच्या अगदीं माथ्यावर खेळत असतां वेळ येते. ती हाक मारते. दासी, राजा, आचारी, माळी, सेनापति, अशी ती हाक एकाकडून दुसऱ्याकडे धांवत सुटते. सारें राज्य एका भांड्यासाठीं कामाला लागतें. शेवटीं भांडें येतें, पण किंचित् उशिरां. अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हंसली.

मला मात्र भाषांतर करतांना एक गंमत दिसूं लागली होती. इंग्रजी मुलगी मागते तेव्हां वाक्याच्या दारांत पहिला 'मी' उभा राहतो, आणि तोहि मोठ्या लिपींतला, खांबासारखा ताठ. आमच्या मराठींत मागणारा कर्ता होतच नाहीं. 'मला' म्हणून तो चतुर्थींत अंग चोरून बसतो, आणि क्रियापद जातें त्या वस्तूच्या मागें: भांडं हवं, बहीण हवी, दात हवा. जशी भूक लागते, झोंप येते, तशीच आमच्याकडे इच्छाहि माणसाला होते. माणूस ती करीत नाहीं. हें व्याकरण मुलांच्या कानांत फारसें शिरत नसावें. माझी नात मराठींतूनहि इंग्रजीइतकाच ठणठणीत हट्ट करते.

आपल्या कथांतहि हट्टी राजपुत्र आहेत. आकाशींचा चंद्र मागणाऱ्या बाळरामाच्या हातीं आरसा देऊन त्याची समजूत घातली, ही गोष्ट आपण कौतुकानें सांगतों. पण राजकन्या? ती बहुधा शेवटच्या पानावर येते, अर्ध्या राज्याबरोबर. राज्य किती द्यावयाचें याचा हिशेब असतो. तिला काय हवें, याचा नसतो.

हें सारें सुचलें तें मागाहून. त्या आठवड्यांत मात्र मी काय केलें तें सांगावयास हवें. जेवतांना नात ताट वाजवून आंबा मागूं लागली, आणि माझ्या तोंडून निघून गेलें, "मुलींनीं असं ओरडून मागूं नये." मुलांनीं म्हटलें असतें तरी चाललें असतें. अक्कानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि ती आमटी ओरपूं लागली.

त्या रात्रीं इस्पितळाचें पुस्तक होतें. राजकन्येच्या नाकांत एक गांठ होते, ती काढावयास हवी, आणि बाईसाहेब लपून बसतात. अखेर त्या जातात, बऱ्या होऊन परत येतात, आणि पुन्हां इस्पितळांत जाण्याचा हट्ट धरतात. आतां टॉन्सिल काढून हवे! कारण काय, तर तेथें सर्वांनीं तिला अगदीं राजकन्येसारखें वागवलें. खऱ्या राजकन्येनें हें म्हणावें, ही मला या सबंध मालिकेंतील सर्वांत झकास थट्टा वाटते. मी हंसत हंसत ती अक्काला सांगितली.

अक्का हंसली नाहीं. "खरं आहे तिचं," ती म्हणाली. "माझ्या मोतीबिंदूच्या वेळीं ती नर्स सारखी विचारायची, आजी, काय हवं? आजी, काय हवं? मला आधीं सुधरेचना काय सांगावं तें."

१९६३ सालीं अक्का उत्तम गुणांनीं मॅट्रिक झाली. वडिलांनीं तिला विचारलें, "पुढं शिकायचं आहे का?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." पुढच्या वर्षीं तिचें लग्न झालें. मुलगी किती समजूतदार, याचें उदाहरण म्हणून ही हकीगत आमच्या घरांत साठ वर्षें सांगितली जात आहे. घरांत आलेल्या प्रत्येक सुनेला ती सांगण्यांत आली आहे. माझ्या सुनेला ती मींच सांगितली. अक्कानंतर सात वर्षांनीं माझी वेळ आली तेव्हां मला कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. कॉलेजचा फॉर्म वडिलांनींच भरून आणला होता.

"मला हवं होतं रे," अक्का म्हणाली.

"काय?"

"कॉलेज." तिनें एक वात वळून तबकांत ठेवली. "उलट कीं पान. ती पोर खोळंबलीय."

मी पान उलटलें. काय वाचलें तें मला आठवत नाहीं. नातीनें दोन ठिकाणीं माझ्या चुका काढल्या, एवढें स्मरतें.

नात जावयाच्या आदल्या रात्रीं माझ्या पत्नीनें नेहमींप्रमाणें स्वयंपाकघरांतून विचारलें, "वन्सं, उद्यां जेवायला काय करूं?"

"कांहींहि चालेल ग," अक्का नेहमींप्रमाणेंच म्हणाली.

तेवढ्यांत अंथरुणांतून, पांघरुणाखालून, राजाज्ञा सुटली: "अक्काआजीला आमरस हवाय!"

ती हाक मीं ऐकली, मीं ती पत्नीला सांगितली, पत्नीनें आढींतले आंबे चांचपून पाहिले. अक्कानें कांहीं नको म्हटलें नाहीं. वातींचें तबक उचलून ती आंत गेली, आणि दारांतून म्हणाली, "सुंठ नको हो घालूं. वर मिरपूड हवी."