ब्लाइंडवर शो

आमच्या घरात वर्षातून एकदाच जुगार चालतो, आणि तोही शास्त्राला धरून! पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वतीसुद्धा फासे टाकून खेळली, अशी कथा आहे. मग आम्ही तीन पानी खेळलो तर काय बिघडले? फराळाच्या बशा उचलल्या की सतरंजी पडते आणि सुटे पैसे बाहेर निघतात.

घरगुती खेळाचे नियम कुणी लिहून ठेवीत नाही. एक्का-राजा-राणी मोठी की एक्का-दुर्री-तिर्री, यावर आमच्या आत्या आणि काका दर पाडव्याला भांडतात, आणि चिवडा संपेपर्यंत विसरतातही. २००६ सालचे भांडण मात्र कुणी विसरलेले नाही.

त्या वर्षी धाकट्याला बोनस मिळाला नव्हता. एकेक जण पाने टाकीत गेला आणि डावात उरले दोघेच : धाकटा आणि भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान. भाऊजी ब्लाइंड होते. त्यांनी पाने पाहिलीच नव्हती. धाकट्याने पाहिली होती. पाहणाऱ्याने न पाहणाऱ्याच्या दुप्पट लावायचे, हा या खेळातला हिशेब. भाऊजींनी १०, २०, ४०, ८० असे चढवीत नेले. धाकटा २०, ४०, ८०, १६० घालीत गेला. भाऊजींनी हसत हसत १६० टाकले. आता धाकट्याला ३२० हवे होते, आणि खिसा रिकामा झाला होता.

"शो!" तो म्हणाला.

"ब्लाइंडवर शो मागता येत नाही. खेळ, नाहीतर पाने टाक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो; तेवढ्यावर घरात माझा न्यायाधीश झाला होता. "भाऊजी म्हणतात तोच नियम आहे," मी सांगून टाकले.

नियम खरोखरच तसा होता. पोकरमध्ये पैसे संपलेल्याला डावातून उठवीत नाहीत; समोर असतील तेवढ्यापुरता तो शेवटपर्यंत डावात राहतो, हे मी फार पुढे वाचले. कौरवसभेत द्रौपदीने विचारले होते, स्वतःला आधीच हरलेल्याला मला पणाला लावता येते काय? भीष्मांसारख्यांना उत्तर सुचले नाही. मला मात्र चटकन सुचले. भाऊजी घरचे जावई नसते, तर ते इतके चटकन सुचले असते का?

धाकट्याने पाने टाकली. आत्याला राहवले नाही. तिने दोघांचीही उलटून पाहिली. धाकट्याची अठ्ठी, नव्वी, दश्शी. भाऊजींची राणी, सत्ती, पंजी, तीही तीन रंगांची. ती पाहून भाऊजींचेच हसू मावळले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. थोरला म्हणून आधी मी पाटावर बसलो आणि तबकात पाचशेची नोट टाकली. मग धाकटा बसला. त्याने त्या नोटेशेजारी रुपयाचे एक नाणे ठेवले आणि ताईच्या पाया पडला. ताई काही बोलली नाही. ते ३०० रुपये त्याने ओवाळणीसाठी बाजूला ठेवले होते, हे आईने मला दुपारी सांगितले.

पुढच्या पाडव्याला पत्ते पिसण्याआधी भाऊजी म्हणाले, "एक आधीच ठरवू. पैसे संपले, तर ब्लाइंडवरही शो."

कुणी हरकत घेतली नाही. धाकटा सतरंजीवर नव्हताच. तो आत ताईजवळ बसून सुपारी कातरीत होता.