पावणेचारची भरती

"देव असंल तं येतो. नुसतं पानी पाहाले मी येत नाही," बाबांनी बजावून ठेवलं होतं. कार्तिकातली आळंदीची वारी झाली की आई-बाबा पुण्यात माझ्याकडे राहतात. चौथ्या मजल्यावर बाबांचा जीव रमत नाही. सकाळी ते गॅलरीतून खाली बघतात, दुपारी गावाकडे फोन करून हरबऱ्याला पाणी दिलं का विचारतात आणि संध्याकाळी परतीच्या ट्रॅव्हल्सची वेळ काढतात. शनिवार-रविवार कुठेतरी नेऊ म्हटलं, तर ही अट. अलिबाग बाद झालं. काशीद बाद झालं. हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात हे कळल्यावर बाबांनी पिशवी भरली.

आमचं गाव मालेगाव तालुक्यात. पुण्यात मालेगाव म्हटलं की लोक नाशिकचं समजतात. हे वाशिम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. खारं पाणी म्हणजे आम्हाला लोणारचं सरोवर, रिसोडवरून गाडीने तासाभराचं. बाकी समुद्र टीव्हीवर. पण आमच्या जिल्ह्याची एक गंमत आहे, ती शाळेत भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवली होती. जिल्ह्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. उत्तरेकडचं पाणी काटेपूर्णेत उतरतं, तिथून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. दक्षिणेकडचं पैनगंगेत जातं, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. मधल्या धुऱ्यावर आम्ही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो.

ताम्हिणीच्या रस्त्यावर मुळशीचं धरण लागलं तेव्हा हे बाबांना सांगितलं. पूर्वेला भीमेकडे जाणारं हे पाणी टाटांनी अडवलं, उलटं पश्चिमेला वळवलं आणि खाली कोकणात भिऱ्याला वीज करायला सोडलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा, 1921 पासूनचा. बाबा बराच वेळ काचेतून पाहत होते. "म्हन्जे पानी अडवलं, लाइन काढली. अन् आमाले लाइन येते ते रातच्याले," एवढंच म्हणाले. रात्रीच्या विजेवर डिसेंबरच्या थंडीत हरबरा भिजवणाऱ्या माणसाला धरणाचं सौंदर्य विचारू नये. माणगाव आणि म्हसळा झोपेतच गेलं. त्यांच्या, माझ्या नव्हे. गाडी मी चालवत होते.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. आधी देऊळ. इथली रीत अशी की पहिलं दर्शन काळभैरवाचं, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. पेशव्यांचं हे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट जवळच्याच श्रीवर्धनचे. पहिल्या बाजीरावांनी 1723 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला असं सांगतात. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण बाहेर येऊन म्हणाले, "आपल्या वाशिमचा बालाजी भोसल्याच्या मानसानं बांधला, भवानी काळूनं. हे पेशव्याचं. हे दोघं जनमभर भांडले, देव मात्र सारखेच थंड जागी बसवले."

देवळाच्या मागे डोंगर आहे आणि डोंगराच्या पोटातून समुद्राकडे उतरणारा प्रदक्षिणेचा मार्ग. दोन कड्यांच्या मधल्या चिरेतून पायऱ्या खाली जातात, आणि मग डोंगराला वळसा घालत खडकावरून चालायचं. आम्ही माथ्यावर गेलो, पण वाट संपूनच गेली होती. खालच्या पायऱ्यांवर लाटा फुटत होत्या. पाणी चिरेत शिरायचं, आत कुठेतरी आदळायचं आणि तोंडावर तुषार यायचे. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि दोन पावलं मागे सरकली. "हे काही प्रदक्षिणेचं लक्षन नाही," ती म्हणाली.

आम्ही उतरलो होतो ते एका कुटुंबाचं घर. पुढे खोल्या, मागे सुपारीची वाडी. घरमालक पन्नाशीचे. "आज आता नाही जमायचं. उद्या सकाळी नऊला निघा, साडेनऊ-दहाला पुरती ओहोटी असेल," त्यांनी अंगणातूनच सांगितलं. मी फोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक शोधायला लागले. बाबांनी विचारलं, "तुमाले कसं समजते भाऊ?"

"तिथीवरून, काका. आज चतुर्थी ना. तिथीची पाऊणपट करायची. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. उद्या पंचमी."

बाबा खुर्चीत सरळ बसले. "पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन, पाऊण पाचे पावणेचार," त्यांनी एका दमात म्हटलं. "उद्या पावणेचारले."

घरमालक हसले. "आमच्या मुलाला पाऊणकी येत नाही. तो मोबाइल बघतो."

त्यानंतर संध्याकाळ त्या दोघांची झाली. आमच्या घरी पंचांग म्हणजे मृग कधी लागतो, पेरणीला आर्द्रा चुकली का, एकादशी कधी, एवढ्यापुरतं. बाबांची पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी मी लहानपणी ऐकली होती ती बाजार समितीत, कापसाच्या मापाच्या वेळी. व्यापाऱ्याच्या कॅल्क्युलेटरआधी त्यांचं उत्तर तयार असायचं. त्या पाढ्यांचं समुद्राशी काही काम असेल हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता त्यांनी एकेक तिथी घेतली. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा. घरमालकांनी त्यात भर घातली की हा ठोकताळा आहे, थोडं मागेपुढे होतं. भरतीपासून सहा तास सोडले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. बाबांनी विचारलं की रोज पाऊण तास पुढे का सरकतं, आणि घरमालकांच्या आधी स्वतःच उत्तर दिलं: चंद्र रोज तितकाच उशिरा उगवतो. रात्री पाणी देताना त्यांनी ते आयुष्यभर पाहिलेलं आहे. मी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

जेवणाला उकडीचे मोदक होते, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. आईचा विनायकीचा उपास, तो पंचमीला सुटणार. तिच्या वाट्याला साबुदाणा, आणि मोदकांकडे बघणं. बाबांना नारळाचं जेवण गोड वाटलं. त्यांनी तसं म्हटलं नाही, फक्त आईकडे पाहिलं. आईने पिशवीतून जवसाची चटणी आणि मिरचीच्या ठेच्याचा डबा काढला. घरमालकीणबाईंनी तो जवस चाखला आणि कसा भाजायचा ते विचारत दोघी स्वयंपाकघरात गेल्या. पुण्याला परतताना आमच्या डब्यात आमसुलं होती आणि ठेचा तिथेच राहिला होता.

वाडीत विरळ जागा खूप दिसत होत्या. मी विचारलं नसतं, बाबांनी विचारलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. इथली श्रीवर्धनी रोठा सुपारी नावाजलेली, आणि सुपारीचं झाड रोप लावल्यावर धरायला सहा-सात वर्षं घेतं. "पिढीजात झाडं होती, काका. आजोबांनी लावलेली," घरमालक म्हणाले. बाबांनी आमच्याकडच्या गारपिटीचं काही सांगितलं नाही, जे ते कुणालाही सांगतात. दुसराच हिशेब मांडला: सोयाबीन शंभर दिवसांचं. बुडालं तर एक हंगाम बुडाला, पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतं. "तुमचं तं कर्ज फेडाच्या आंधी मानूस म्हातारा होते." मग त्यांनी झाडाझाडांतलं अंतर पावलांनी मोजलं आणि पाणी कसं देता ते पाहिलं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाडी शिंपावी लागते, याचं त्यांना फार नवल वाटलं. त्यात थोडा आनंदही होता, असं मला वाटतं.

रविवारी नऊला आम्ही चिरेच्या तोंडाशी होतो. कालच्या पायऱ्या कोरड्या, त्याखाली आणखी पायऱ्या, आणि त्याखाली सपाट काळ्या खडकाचा रुंद ओटा. समुद्र बराच दूर गेला होता. दोन्ही बाजूंनी कडा इतका जवळ की आईचे हात दोन्हीकडे टेकत होते. खाली उतरल्यावर मात्र मी थबकले. डोंगराचा सगळा पायथा छिद्राछिद्रांचा झाला आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. काही ठिकाणी भोकं बोटभर, काही ठिकाणी परातीएवढी, आणि मधल्या भिंती पापुद्र्याइतक्या पातळ. हे लाटांच्या माराने होत नाही. खारं पाणी दगडात मुरतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक आत फुगतात आणि कण कण बाहेर ढकलतात. लाट फक्त झाडून नेते.

बाबांनी दगडावर हात फिरवला, खिशातून किल्ली काढून ठोकला. "हा आपलाच दगड हाय," ते म्हणाले. खरंच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट वाशिमपासून इथपर्यंत सलग पसरला आहे. लोणारचं विवरही त्यातच पडलेलं. आमच्याकडे तो झिजून काळी माती झाला, कोकणात धो धो पावसाने धुतला जाऊन वर लाल जांभा झाला आणि इथे पाण्याच्या काठाला मीठ त्याला खातंय. विहीर खणताना बाबांनी याच दगडाला सुरुंग लावले आहेत. तो असा चाळणी होऊ शकतो, यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

वाटेत गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणं येतात. आई प्रत्येक ठिकाणी वाकली. शेवाळलेल्या जागी मी तिचा हात धरला. पुढे तिनेच माझा धरला, कारण माझे बूट घसरत होते आणि तिच्या पायात काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. आम्ही बाजूने शांतपणे पुढे गेलो.

वळसा संपताना बाबा ओट्याच्या कडेला थांबले. डावीकडे सावित्रीचं मुख, पलीकडे बाणकोटचा डोंगर. "आपली काटेपूर्णा कोनीकून येते?" त्यांनी विचारलं. मी उत्तरेकडे हात केला. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं. "लोनारच्यापेक्षा बरं हाय." मग क्षितिजाकडे बघत म्हणाले, "एवढं पानी, अन् हरबऱ्याची एक पाळी भिजत नाही."

निघताना त्यांनी घरमालकांकडून सुपारीचं रोप मागितलं. तिकडे उन्हाळ्यात त्रेचाळीस अंशाची झळ लागते, टिकायचं नाही, असं घरमालकांनी परोपरीने सांगितलं. बाबा म्हणाले, न्हाणीच्या पाण्यावर लावतो, चिंचेच्या सावलीत. एका रोपाची दोन झाली. ओल्या गोणपाटात बांधून ती पुण्याला आली आणि मंगळवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये चढली. ड्रायव्हरच्या मदतनिसाने झाडांचे वेगळे शंभर रुपये मागितले. बाबांनी चाळीस दिले आणि रोपं पायाशी घेऊन बसले.